टेन्शनरची किंमत कोण ठरवतो?

समाजवादी कार्यकर्त्यांत एक जुनी समजूत अजून टिकून आहे. मोटार ही चैनीची वस्तू, मोटारमालक हा सुखवस्तू वर्गातला माणूस, आणि त्याची दुरुस्तीविषयीची तक्रार म्हणजे पोट भरलेल्यांची कुरकुर. श्रमिकांच्या चळवळीला तिच्याशी काय कर्तव्य, असा त्या समजुतीचा आशय. फियाट आणि अँबॅसडर यांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागत होते त्या काळात ती बव्हंशी खरी होती. आज ती खोटी तर आहेच, पण तिच्या आडोशाने एक मोठी लूट निर्वेधपणे चालू आहे, ही तिची अधिक गंभीर बाजू होय.

पालघर तालुक्यातील माकुणसार हे गाव घ्यावे. सफाळे आणि केळवे यांच्या पट्ट्यातले, खाडीच्या शेजारचे, शेतीवाडीवर जगणारे गाव. अशा गावात चारचाकी गाडी कोणाकडे असते? पहाटे भाजीपाला स्टेशनावर पोचवणाऱ्याकडे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या कामगारांची ने-आण करणाऱ्याकडे. रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर पाहुणे सोडणाऱ्याकडे. पुष्कळदा ही तिन्ही कामे एकाच गाडीत एकच माणूस करतो. गाडी कर्जावर घेतलेली असते आणि महिन्याचा हप्ता गाडी चालली काय, बंद पडली काय, ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. या माणसाला भांडवलदार म्हणणे हा मार्क्सचाही अपमान आणि सामान्य समजुतीचाही. तो स्वतःला स्वतःच राबवणारा मजूर आहे. फरक एवढाच, की त्याच्या हत्यारावर बोजा चढलेला आहे आणि त्या हत्याराची किल्ली, शब्दशः आणि अन्य अर्थानेही, दुसऱ्याच्या हातात आहे.

अशा एका गाडीच्या इंजिनात आवाज येऊ लागला असे समजावे. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की पुढच्या बाजूने, पट्ट्यांच्या अंगाने, डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट होतो. चार-पाच सेकंदांत तो विरतो. काही आठवड्यांनी तो दहा-पंधरा सेकंद टिकतो. पुढे पुढे चढावावरही ऐकू येऊ लागतो. गावातला अनुभवी मेकॅनिक बॉनेट उघडण्यापूर्वीच सांगतो की टायमिंग चेन वाजते आहे, टेन्शनर गेला.

यात काही गूढ नाही. इंजिनाच्या तळाशी फिरणारा क्रँकशाफ्ट आणि डोक्यावर फिरणारा कॅमशाफ्ट यांना एक साखळी जोडते. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, आणि त्या हिशेबाने झडपा उघडतात-मिटतात. साखळी सैल पडू नये म्हणून तिच्या एका अंगाला एक पट्टी दाबून धरलेली असते. त्या पट्टीला रेटणारा छोटा दट्ट्या म्हणजे टेन्शनर. बहुतेक आधुनिक इंजिनांत तो स्प्रिंग आणि इंजिनातील ऑइलचा दाब यांवर काम करतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरते, आणि दाब पुन्हा तयार होईपर्यंत साखळी क्षणभर सैल राहते. टेन्शनर निरोगी असेल तर तो क्षण ऐकू येत नाही. तो झिजला, ऑइल जुने किंवा चुकीच्या जातीचे पडले, पट्टीचे प्लास्टिक घासले किंवा साखळीच लांबली, की आवाज सुरू होतो. आवाज हा अर्थातच रोग नव्हे. रोग पुढे आहे. साखळीने एखादा दाता सोडला की झडपांची वेळ चुकते, आणि अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. मग मुठीत मावणाऱ्या भागाच्या जागी अख्खे इंजिन उघडावे लागते. पट्ट्याऐवजी साखळी वापरली म्हणजे इंजिनाच्या आयुष्यभर तिकडे पाहावे लागत नाही, असे विक्रीच्या वेळी सांगितले जाते. ते टेन्शनर आणि ऑइल यांच्या भरवशावरच खरे असते.

आता ही गाडी घेऊन तिचा मालक अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरकडे निघतो. माकुणसारहून पालघर आणि पालघरहून बोईसर अशी मजल मारून तो पोचतो तेव्हा इंजिन चांगले तापलेले असते आणि खडखडाट नाहीसा झालेला असतो. काउंटरवरचा तरुण सल्लागार कान देतो, ॲक्सिलरेटर दाबून पाहतो आणि सांगतो की आवाज येतच नाही. आला तरी या मॉडेलला तेवढा आवाज असतोच. खरी तपासणी करायची तर गाडी रात्रभर तेथे उभी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून पाहावे लागते. म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडाला, पाळीचे कामगार दुसऱ्या गाडीने गेले आणि त्यांतले काही कायमचेच गेले. मालक परत फिरतो. असे दोनदा-तीनदा होते. दरम्यान वॉरंटीची मुदत उलटते. त्यानंतर तोच आवाज त्याच काउंटरवर एकाएकी ऐकू येऊ लागतो, आणि जे इस्टिमेट हाती पडते त्यात एकटा टेन्शनर नसतो. साखळी, दोन्ही पट्ट्या, दातेचक्रे, सील, ऑइल, कूलंट आणि पुढचे कव्हर उतरवून बसवण्याची मजुरी यांचा संपूर्ण संच असतो. हमीच्या काळात जे 'नॉर्मल' होते ते हमी संपताच 'तातडीचे' होते. हे रूपांतर केवळ यंत्रशास्त्राच्या नियमांनी होत नसते.

संपूर्ण संच बदलणे पुष्कळदा तांत्रिकदृष्ट्या योग्यच असते, हे येथे नमूद केले पाहिजे. कव्हर एकदा उतरवल्यावर झिजलेली पट्टी तशीच ठेवणे शहाणपणाचे नव्हे. प्रश्न संच बदलावा की नाही हा नाही. तो भाग कोठे मिळतो, त्याची किंमत कोण ठरवतो, तो बसवण्याची विद्या कोणाला दिली जाते आणि कोणाला नाकारली जाते, हा आहे. गावातल्या मेकॅनिकने रोग ओळखला होता. मग दुरुस्ती त्याने का करू नये? कारण त्या मॉडेलचा अस्सल टेन्शनर त्याला मिळत नाही, साखळी बसवताना दोन्ही शाफ्ट अचूक जागी अडकवून धरण्याची खास हत्यारे त्याला विकली जात नाहीत, कंपनीचे दुरुस्तीपुस्तक त्याच्यापर्यंत येत नाही आणि संगणकात नोंदलेला दोष वाचणारे कंपनीचे उपकरण त्याच्या दुकानात नसते. त्याने तरीही हात घातला तर मालकाची उरलीसुरली हमी रद्द होण्याची भीती असते. अकुशल म्हणून ज्याला हिणवले जाते त्याला अकुशल ठेवण्याची व्यवस्था आधी करण्यात आलेली असते.

ही भाषा अतिरेकी वाटत असेल त्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निकाल वाचावा. (त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला पालघर जिल्हा अस्तित्वात आला; नव्या जिल्ह्याच्या जन्माचे समारंभ गावोगाव झाले, या निकालाची दखल मात्र कोणत्याही व्यासपीठावर फारशी घेतली गेली नाही.) शमशेर कटारिया यांनी २०११ साली तीन मोटार-कंपन्यांविरुद्ध दिलेल्या माहितीवरून हे प्रकरण सुरू झाले. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि अखेर १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. त्यांत परदेशी होत्या, तशा टाटा, महिंद्र आणि मारुतीही होत्या. लुटीच्या बाबतीत स्वदेशी-परदेशी असा भेद करण्याचे कारण आयोगाला दिसले नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देणे, आणि ज्या कारखान्यांकडून कंपनी ते भाग बनवून घेते त्यांनाही ते परस्पर विकण्यास मनाई करणे, हे स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या कलमांचे उल्लंघन ठरले. सुट्या भागांवरची किंमतवाढ सामान्यतः शंभर टक्क्यांहून अधिक आणि काही बाबतींत सुमारे पाच हजार टक्क्यांपर्यंत असल्याचेही त्यात नमूद आहे.

पाच हजार टक्के! डॉ. राममनोहर लोहिया यांनी दामनीती मांडताना कारखान्यातील मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये असे सूत्र दिले होते. त्या काळच्या अर्थशास्त्र्यांनी ते भाबडे ठरवले. लोहियांचा आधार उत्पादनखर्च हा होता आणि आयोगासमोरचे आकडे वेगळ्या पायावर काढलेले होते, म्हणून दोहोंची थेट तुलना काटेकोर होणार नाही, हे मान्य. तथापि दीडपट आणि पन्नासपट यांच्यामधले अंतर हिशेबाच्या पद्धतीने भरून निघण्यासारखे नाही. दीडपटीला भाबडे म्हणणाऱ्यांनी पन्नासपटीला कोणते विशेषण लावले, याचा शोध करूनही फारसे काही हाती लागत नाही.

या लुटीचे समर्थन करणाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद आहे, आणि तो वरवर बराच पक्का दिसतो. मोटारींच्या बाजारात तीव्र स्पर्धा आहे, ग्राहक दहा कंपन्यांतून एक निवडतो, सुटे भाग महाग विकणाऱ्या कंपनीची गाडी तो पुढच्या वेळी घेणार नाही, तेव्हा बाजार आपोआप शिस्त लावील, असे हे म्हणणे. याला अर्थशास्त्राचेच उत्तर आहे. गाडी विकत घेण्यापूर्वी ग्राहक स्वतंत्र असतो. विकत घेतल्यानंतर तो अडकलेला असतो. एका कंपनीचा टेन्शनर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात बसत नाही, म्हणून त्या एका भागापुरती प्रत्येक कंपनी ही संपूर्ण मक्तेदार असते, मग मोटारींच्या बाजारात तिचा वाटा शंभरात दोन का असेना. दहा वर्षांत कोणता भाग केव्हा जाईल आणि त्या वेळी त्याची किंमत काय असेल, याचा हिशेब शोरूममध्ये उभा राहून करणे माकुणसारच्या व्हॅनवाल्याला तर नाहीच, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही जमणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ईस्टमन कोडॅकच्या प्रकरणात, छायाप्रतींच्या यंत्रांच्या संदर्भात, हाच मुद्दा ओळखला: मुख्य यंत्राच्या बाजारात स्पर्धा आहे एवढ्यावरून सुट्या भागांच्या बाजारात मक्तेदारी असूच शकत नाही, असे गृहीत धरता येत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरच्या न्यायालयाला जे पटले ते येथल्या मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांना अद्याप पटत नाही.

आणि 'पुढच्या वेळी' या शब्दांत केवढा निष्ठुरपणा आहे! ज्याचा पहिल्या गाडीचा हप्ता फिटायचा आहे त्याला पुढची वेळ कधी येणार?

या बाबतीत डाव्यांनी आपला स्वतःचा इतिहासही तपासला पाहिजे. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा हा समाजवादी विचाराच्या दबावाखाली झाला. त्याखाली टेल्कोने ट्रक आणि बसगाड्या विकणाऱ्या विक्रेत्यांवर घातलेल्या अटी तपासल्या गेल्या. प्रत्येक विक्रेत्याने नेमून दिलेल्या प्रदेशातच विक्री करावी आणि अन्य कंपन्यांच्या गाड्या विकू नयेत, अशा त्या अटी होत्या. आयोगाने प्रदेशाच्या बंधनाला हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये तो आदेश रद्द केला. गाड्यांचा तुटवडा आहे, त्यांचे देशभर समान वाटप व्हावे, आणि विक्रीनंतरची सेवा देणारी, सुटे भाग व प्रशिक्षित माणसे बाळगणारी विक्रेत्यांची साखळी टिकावी, यासाठी अशी बंधने लोकहिताची ठरतात असा त्या निकालाचा सूर होता. त्या वेळच्या टंचाईच्या परिस्थितीत तो युक्तिवाद अगदीच गैरलागू नव्हता. परंतु टंचाई गेली आणि बंधने राहिली. शोरूमच्या दारात गाड्या रांगेने उभ्या आहेत, कर्ज देणारे हात जोडून उभे आहेत, आणि तरीही दुरुस्तीचे दार एकच आहे. टंचाईच्या काळात लोकहिताच्या नावाने मिळालेला परवाना सुबत्तेच्या काळात नफ्याचा मालकीहक्क बनला, आणि त्याकडे पाहण्यास कोणाला सवड झाली नाही. १९६९ चा कायदा २००९ साली निकालात निघाला तेव्हाही डाव्या वर्तुळात जी चर्चा झाली ती मोठ्या उद्योगसमूहांच्या आकाराविषयी; टेन्शनरविषयी नव्हे.

कंपन्यांचा दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. बाजारात बनावट भागांचा सुळसुळाट आहे, अर्धशिक्षित मेकॅनिकच्या हाती गाडी दिली तर अपघात होतील, म्हणून सारे आमच्याकडेच राहू द्या. बनावट भाग असतात ही गोष्ट खरी आहे, आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये ग्राहकाला कधी टोपी घातली जात नाही असे म्हणणे हा दांभिकपणा ठरेल. चुकीच्या जातीचे स्वस्त ऑइल टाकून टेन्शनर लवकर मारण्याचे पुण्य पुष्कळदा गावातल्याच कोणाच्या तरी खाती जमा असते. परंतु बनावट मालाला ऊत कशामुळे येतो? अस्सल माल खुल्या बाजारात वाजवी किमतीत मिळत नाही म्हणून. ज्या कारखान्यात अस्सल टेन्शनर बनतो त्यालाच तो स्वतःच्या नावाने विकू दिला तर बनावटाचा अर्धा बाजार एका वर्षात उठेल. आयोगाने नेमके हेच सांगितले होते: मूळ पुरवठादारांना भाग खुल्या बाजारात विकू द्या, स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे उपलब्ध करून द्या, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी रद्द करू नका, सुट्या भागांच्या किमती जाहीर करा. बौद्धिक मालमत्तेचा हक्क असेल तेथे करारातून रॉयल्टी घेण्याची मुभाही दिली होती. यात क्रांतिकारक असे काय आहे? युरोपातील संघाने १४०० क्रमांकाच्या नियमाने २००२ सालीच स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना तांत्रिक माहिती मिळण्याची तरतूद केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि तो मोठ्या बहुमताने संमत झाला.

आपल्याकडे काय झाले? प्रकरणे न्यायालयांत गेली. तीन कंपन्यांच्या अपिलांवर स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला; दोष कायम राहिला, दंड मात्र एकूण उलाढालीऐवजी या व्यवसायापुरत्या उलाढालीवर मोजून कमी झाला. पुढच्याच वर्षी ते न्यायाधिकरणही बरखास्त होऊन त्याचे काम कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणाकडे गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, एक पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर माहिती टाकणे आणि माकुणसारच्या मेकॅनिकच्या हातात टेन्शनर पडणे यांमधले अंतर बोईसरच्या रस्त्यापेक्षा बरेच लांब आहे.

या साखळीत सर्व्हिस सेंटरमधला कामगार कोठे बसतो, हे येथे विसरून चालणार नाही. काउंटरवरचा सल्लागार हा ग्राहकाचा शत्रू नव्हे. तो पगारी नोकर आहे. किती बिल झाले यावर त्याची कामगिरी मोजली जाते, आणि ज्या विक्रेत्याची तो चाकरी करतो तो विक्रेताही कंपनीच्या कराराने हातपाय बांधलेला असतो. आत कव्हर उतरवणारा मुलगा बहुधा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला असतो, उमेदवार म्हणून किंवा कंत्राटावर. बिलावर मजुरी तासांच्या हिशेबाने लागते. त्या तासाचा कोणता अंश त्या मुलाच्या खिशात जातो, हे बिलावर छापलेले नसते. कार्यकर्त्याने काउंटरवर आरडाओरडा करून शौर्य गाजवू नये. तेथे ज्याच्यावर तो ओरडतो तो उद्याचा आपला सभासद आहे.

दुरुस्तीची विद्या सार्वजनिक मालकीची असू शकते का, असे कोणी विचारील तर उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या एस.टी.ने १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडली, आणि पुढच्या काळात दापोडी, चिकलठाणा आणि नागपूर येथे स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या. तेथे गाड्यांचे सांगाडे बांधले गेले आणि पिढ्यान्पिढ्या कामगारांनी इंजिनाची भाषा शिकून घेतली. सफाळ्याच्या आगारातला मेकॅनिक कानाने रोग ओळखतो, कारण त्याच्या मागे ही परंपरा आहे. ही परंपराही आता पोखरली जात आहे. विजेवर चालणाऱ्या बसगाड्या भाड्याने घ्यायच्या आणि त्यांची देखभाल पुरवठादाराकडेच सोपवायची, ही नवी रीत आहे. गाडी विजेची झाली म्हणजे साखळीही नाही, टेन्शनरही नाही, असे म्हणून काहींना हायसे वाटते. त्यांनी लक्षात घ्यावे की जेथे हाताने उघडण्यासारखे काही उरत नाही तेथे संगणकातील कुलूप हीच मक्तेदारी होते, आणि ते कुलूप गावातल्या मेकॅनिकलाच काय, आगारातल्या मेकॅनिकलाही उघडता येणार नाही. या मुद्द्यावर एस.टी. कामगारांच्या संघटना आणि खाजगी गॅरेजमधले मेकॅनिक एका व्यासपीठावर आले पाहिजेत. आजवर त्यांना एकत्र बसवण्याचे कोणाला सुचलेले नाही.

ग्राहक चळवळीविषयी डाव्यांच्या मनात एक अढी आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून ती 'आपली' नव्हे, मध्यमवर्गाची, असे मानण्याची सवय पडली. याचा परिणाम असा झाला की १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यासारखे शस्त्र घडत असताना ते श्रमिकांच्या बाजूने कसे चालवावे याचा विचार आपल्याकडे झाला नाही. त्या कायद्यात 'व्यापारी कारणासाठी' वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही, आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्याची तक्रार याच खिंडीत अडवली जाते. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, वस्तू वापरणारा हा ग्राहकच होय, असा खुलासा कायद्यात आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला आणि स्वतः टॅक्सी चालवणाऱ्यासारखी उदाहरणेही दिली. २०१९ च्या नव्या कायद्याने हा खुलासा कायम ठेवला. जेथे आपण राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची सोयही त्याने केली आणि समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला परवानगीने तक्रार करण्याचा मार्ग खुला ठेवला. अमेरिकेत फोक्सवॅगन आणि ऑडीच्या काही मॉडेलांतील टायमिंग चेन आणि टेन्शनरविषयी मालकांनी असाच सामुदायिक दावा लावला. २०१८ च्या समझोत्यात वाढीव हमी आणि आधी झालेल्या खर्चाची भरपाई कंपनीला मान्य करावी लागली. तेथले मालक एकेकटे काउंटरवर उभे राहिले असते तर त्यांनाही आवाज 'नॉर्मल' असल्याचेच ऐकावे लागले असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आहे. एखाद्या प्रकारच्या गाड्यांत पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका पोचवणारा दोष असेल, आणि ठरवलेल्या प्रमाणात मालकांनी तो कळवला असेल, तर त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर भरवेगात इंजिन जाम होणे हा धोका नव्हे असे कोण म्हणेल? परंतु कलमाचा सारा भर मोजणीवर आहे. माकुणसारच्या एकाचा खडखडाट ही किरकोळ तक्रार; सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, डहाणू येथल्या एकाच मॉडेलच्या पन्नासांचा खडखडाट हा पुरावा. ही मोजणी कंपनी करणार नाही, सरकारही आपण होऊन करणार नाही. रिक्षा-टॅक्सी स्टँडवर, भाजीच्या बाजारात, पाळीच्या गाड्या उभ्या राहतात तेथे वही घेऊन बसणारा कार्यकर्ता ती करू शकतो. गाडीचे मॉडेल, साल, किती किलोमीटरला आवाज सुरू झाला, ऑइल केव्हा आणि कोणत्या जातीचे बदलले, सर्व्हिस सेंटरने काय सांगितले आणि किती मागितले, एवढ्या नोंदी पुरेत.

पालघर जिल्ह्यातील शाखांनी या मोजणीला पावसाळ्यापूर्वी हात घालावा. पावसात गाड्या उभ्या राहतात आणि माणसे पांगतात. सोबत एक व्यवहारी सूचना गाडीवाल्यांपर्यंत पोचवावी. तक्रार दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि पुष्कळ खरी प्रकरणे कागदाअभावी बुडतात. म्हणून हमीच्या काळात गाडी पहिल्यांदा नेली जाईल तेव्हाच तपासणीसाठी ती आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर ठेवण्याची व्यवस्था दोघा-तिघांनी आपसांत गाड्यांची अदलाबदल करून लावावी. 'थंड इंजिन चालू करताना पुढच्या बाजूने साखळीचा आवाज येतो' हे वाक्य जॉब कार्डावर मालकाच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावे, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत हाती पडल्याखेरीज गाडीची किल्ली काउंटरवर ठेवू नये.